लुगडं नेसून मेंढ्यांच्या डोंगरावर

जबलपूरला परतून दोन महिने झाले, तरी कोणाकडे हळदीकुंकवाला गेले की अजून तोच घोळका माझ्याभोवती जमतो. व्हिएन्नातले राजवाडे किती मोठे? तिकडच्या बायका उघड्या डोक्याने हिंडतात का? जेवणाचं काय केलंत? मी सगळ्यांना सगळं सांगते. राजवाडे फार मोठे आहेत आणि आत फार गार आहेत. बायका टोप्या घालतात, आणि त्या टोप्यांवर कधीकधी अख्खा पक्षी बसवलेला असतो. जेवणाचं म्हणाल तर बटाट्याने तारलं. पण हे सांगताना माझं मन त्यात नसतं. चार महिन्यांच्या त्या मुक्कामात एक दिवस असा उगवला की जो माझा होता, आणि तो हळदीकुंकवाच्या गर्दीत सांगता येत नाही. म्हणून लिहून काढते आहे.

आमच्याकडचे हे डोळ्यांचे डॉक्टर. नेपियर टाउनात त्यांचा दवाखाना आहे. महायुद्ध संपलं, समुद्र मोकळे झाले, तेव्हा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण घ्यायला ते व्हिएन्नाला निघाले. मुलीला पाटणला सासूबाईंजवळ ठेवून मीही बरोबर गेले. मी इथल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. नऊ वर्षं मी फळ्यावर पांढऱ्या खडूने हिमशिखरं काढली, निळ्या खडूने सरोवरं काढली, आणि हिमनदी डोंगर कसा कोरते ते हातवारे करून सांगितलं. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, बर्फ हाताला कसा लागतो?" सदरच्या बाजारात लाकडाच्या भुशात गुंडाळलेली लादी मिळते, ती माझ्या माहितीची. आभाळातून पडलेला बर्फ मी कधी पाहिला नव्हता. मी म्हणाले, "थंड." मुलगी खाली बसली, आणि माझं मलाच ते उत्तर ऐकून ओशाळल्यासारखं झालं.

आम्ही व्हिएन्नात पोचलो तोवर शहरातला बर्फ वितळून गेला होता. यांचा अभ्यास संपला तेव्हा जून लागला होता. ट्रिएस्टच्या बंदरातून आमची बोट सुटायला पाच दिवस होते. मी म्हणाले, "तीन दिवस तळ्यांच्या मुलखात काढू." त्या मुलखाला साल्झकामरगुट म्हणतात. म्हणताना दात हलतात, पण अर्थ साधा आहे, मिठाच्या खाणींचा सरकारी मुलूख. आल्प्सच्या कुशीत तिथं लहानमोठी पुष्कळ सरोवरं आहेत. आम्ही गेलो आणि पहिले दोन दिवस पावसाने खोलीची खिडकीही उघडू दिली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पडदा सारला तर समोर डोंगर धुतल्या भांड्यासारखे लखलखत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची ट्रिएस्टची गाडी होती. म्हणजे जे काय पाहायचं ते आजच.

आमच्या उतारघराच्या मालकिणीने वाटाड्याबरोबर निघणाऱ्या एका टोळीत आमची नावं घातली. सरोवरातून आगबोटीने जायचं, मग दातेरी रुळांच्या गाडीने डोंगरमाथ्यावर, संध्याकाळी परत. मी ट्रंकेच्या तळातून हिरवं इरकली लुगडं काढलं आणि कासोटा घट्ट मारून नेसले. व्हिएन्नात चारचौघांत मी गोल पातळ नेसत असे. यांनी पाहिलं आणि विचारलं, "आज काहून लुगडं?"

"डोंगरावर जायचं आहे."

"अगं, वर आगगाडी जाते. बसायचं, पाहायचं, उतरायचं. तू तर अशी तयारी करून राहिली जशी लढाईवर चालली."

"असू द्या," मी म्हणाले. वर लोकरीचा कोट चढवला आणि पायांत कॅनव्हासचे बूट.

सरोवरावर

धक्क्यावर आमचा वाटाड्या उभा होता. त्याचं आडनाव ग्रुबर. पन्नाशीचा, दाढीवाला, गुडघ्यापर्यंतची चामड्याची विजार, आणि उजव्या हाताला दोन बोटं कमी. लढाईत डोंगरावरच्या चौकीत हिवाने ती गेली, असं त्यानेच नंतर सांगितलं, आपण बाजारात छत्री विसरलो हे सांगावं तितक्या सहज. भेटताच तो "ग्रूस गॉट" म्हणाला. त्या भागात सगळेच एकमेकांना असं म्हणतात. अर्थ असा, की देव तुमचं भलं करो. मी हात जोडून "राम राम" म्हणाले आणि आमच्याकडेही भेटताना देवालाच मध्ये घालतात हे माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. ते जर्मन मला व्हिएन्नातल्या घरमालकिणीने स्वयंपाकघरात शिकवलं होतं, त्यामुळे कांदे, पातेली आणि तक्रारी या विषयांवर मी बरी बोलते, बाकी ठिकाणी अडखळते.

टोळीत आठ जण होते. त्यांतलं एक जोडपं माझ्या कायमचं लक्षात राहील. एका लहान गावचे निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची बायको. दोघं साठीच्या पुढचे, दोघांच्या पायांत खिळ्यांचे जाड बूट. बाई गोल चेहऱ्याच्या आणि सारख्या हसणाऱ्या. माझ्या लुगड्याचा काठ त्यांनी बोटांत धरून पाहिला आणि किती लांब आहे म्हणून विचारलं. नऊ वार म्हटल्यावर त्यांनी नवऱ्याला हाक मारून ते दोनदा सांगितलं.

आगबोट निघाली. पाण्याचा रंग मी कसा सांगू? आपल्या भेडाघाटाला ऊन तिरपं असताना संगमरवराच्या भिंतींमधलं पाणी जसं हिरवं दिसतं, तसं ते मैलच्या मैल होतं. आणि त्यात उलटे डोंगर. ग्रुबर एका कड्याकडे बोट करून सांगू लागला, की फार पूर्वी एका साधूने या कड्यावरून कुऱ्हाड फेकली, ती जिथं पडली तिथं त्याने देऊळ बांधलं, ते हे समोरचं. मग सरोवराकडे वळून म्हणाला, "आणि हे पाणी देवाने त्याच्या तहानेसाठी दिलं."

माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. मी म्हणाले, "हे हिमनदीने खोदलं. दरीच्या तोंडाशी तिनेच दगडमातीचा बांध घातला, म्हणून पाणी अडलं."

ग्रुबरने माझ्याकडे नीट पाहिलं. "बरोबर आहे," तो म्हणाला. "पण लोकांना साधू आवडतो."

यांनी मला कोपराने हळूच ढोसलं. "त्याची पोटापाण्याची गोष्ट आहे. काहून मोडून राहिली?"

गाडी थांबली तिथं

पलीकडच्या काठावरून दातेरी गाडी सुटते. रुळांच्या मधोमध लोखंडी दातांची पट्टी असते आणि इंजिनाचं चाक त्या दातांत अडकत अडकत वर चढतं. इंजिन पुढे वाकलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसतं. त्या डोंगराच्या नावाचा अर्थ मेंढ्यांचा डोंगर. गाडी जंगलातून चढत गेली, झाडं विरळ झाली, मग कुरणं आली, पिवळ्या फुलांनी भरलेली. यांनी खिडकीकडे पाठ करून बसायला सुरुवात केली होती. यांना उंचीची भोवळ येते. धुवांधार धबधब्यावर गेलो की हे मागे शेंगदाणे घेत थांबतात.

दोन तृतीयांश चढण झाल्यावर गाडी थांबली. एक लाकडी घर, एक गोठा, चार बाकं. ग्रुबर खाली उतरला, गाडीवाल्याशी बोलला आणि आमच्याकडे येऊन म्हणाला, की वरचा रस्ता अजून बर्फाखाली आहे. दोन दिवस खाली पाऊस पडला, तो इथं वर बर्फ होऊन पडला. गाडी पुढे जाणार नाही. ज्यांच्या पायांत खिळ्यांचे बूट आहेत त्यांना तो दीड तासाच्या चालीने माथ्यावर नेईल. बाकीच्यांनी इथं बसून कॉफी घ्यावी, देखावा इथूनही छान आहे.

मग माझ्या पायांकडे पाहून म्हणाला, "बाईंनी तर नाहीच."

वर, अगदी हातभर अंतरावर वाटावा असा, बर्फाचा पांढरा पट्टा दिसत होता. नऊ वर्षं फळ्यावर काढलेला. आणि मी कॉफी पीत बसायचं!

"का नाही?" मी विचारलं.

"गेल्या पंधरवड्यात एक बाई अशाच बुटांनी आल्या. घसरल्या, घोटा मोडला. मी त्यांना लाकडी घसरगाडीवर बांधून खाली आणलं. मला ते पुन्हा करायचं नाही."

त्याचं काही चुकत नव्हतं. हे म्हणाले, "चलो, जाऊ दे. माणूस बराबर बोलून राहिला. इथून दिसतंय ना?"

"दिसतंय. हाताला नाही लागत."

मी उठून गोठ्याकडे गेले. उगीचच, डोळ्यांतलं पाणी कोणाला दिसू नये म्हणून. आत गवताचे भारे रचले होते आणि खुंटीला ते बांधायच्या खरखरीत दोऱ्यांची वेटोळी टांगलेली. त्या पाहिल्या आणि मला एकदम माझे वडील आठवले. ते भेडाघाटाजवळ दगडाच्या खाणीवर ओव्हरसियर होते. पावसाळ्यात ओला संगमरवर साबणासारखा निसरडा होतो. तेव्हा खाणीवरची माणसं पायाला काथ्याची दोरी गुंडाळून, वरून गाठ मारून चालत. लहानपणी मीही तशीच हिंडले आहे, वडिलांच्या पुढे पुढे.

मी गोठ्यातल्या बाईला विचारलं. तिने हसून दोन वेटोळी माझ्या हातात दिली. बाहेर येऊन मी बाकावर बसले आणि बुटांवर दोरी गुंडाळू लागले. तळव्याखालून तीन वेढे, टाचेमागून एक, घोट्यापाशी घट्ट गाठ. कोट काढून यांच्याकडे दिला. पदर कमरेला खोचला. सगळी टोळी पाहत होती.

ग्रुबर कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. "हे कोणी शिकवलं?"

"माझ्या गावचे दगडफोडे."

घरामागे उतारावर जुन्या बर्फाचा एक तुकडा उरला होता, तिकडे त्याने बोट दाखवलं. "तिथं जा. मध्यापर्यंत. वळा. परत या."

मी गेले. पहिलं पाऊल टाकलं तेव्हा काय वाटलं ते सांगायचं तर मला नीट आठवत नाही, कारण मी फक्त पायाकडे पाहत होते. दोरीने बर्फ पकडला. दुसरं पाऊल. मध्यावर जाऊन मी वळले, आणि वळताना खाली वाकून मूठभर उचलला. थंड तर होताच. पण तो कापसासारखा नव्हता, पुस्तकात लिहितात तसा. भिजवलेल्या साबुदाण्यासारखा होता, दाणेदार, ओला, मुठीत कुरकुरणारा. सदरच्या लादीशी त्याचं काही नातं नव्हतं. मी तो तोंडात घातला. चव पावसाची, आणि थोडी दगडाची.

परत आले तेव्हा ग्रुबर दाढी खाजवत होता. "माझी आई अशीच चाले," तो म्हणाला. "फक्त तिची दोरी पेंढ्याची असे." मग वळून ओरडला, "चार जण! निघा!"

"पाच," मागून आवाज आला. हे उठून उभे होते. कोणाचे तरी उसने खिळ्यांचे बूट त्यांनी गाडीवाल्याकडून मिळवले होते.

"तुम्ही कशाला?" मी म्हणाले. "तुम्हाला भोवळ येते."

"तू जाऊन राहिली आणि मी इथं कॉफी पिऊ? अच्छा आहे!" ते म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता, पण बूट घट्ट बांधलेले.

घळ

लाकडी घरातून ग्रुबरने आम्हा दोघांना एकेक काठी आणून दिली आणि स्वतः एक आखूड फावडं पाठीला अडकवलं. आधी ग्रुबर, मग मी, मग हे, मागे पोस्टमास्तर आणि त्यांची बाई. पहिला तास सोपा गेला. गवत, दगड, मध्ये मध्ये बर्फाचे पट्टे, आणि बर्फाच्या कडेला अगदी चिकटून उगवलेली जांभळी घंटेसारखी फुलं, जणू कोणी दार उघडायची वाट पाहत उभी होती. पोस्टमास्तरीणबाईंनी वाटेत मला लोणी लावलेला काळा पाव दिला. मी त्यांना माझ्या डब्यातली दशमी आणि लसणाची चटणी दिली. त्यांनी चटणीचा मोठा घास घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि बर्फ खाल्ला. मग पुन्हा मागितली.

नंतर घळ आली. दोन कड्यांच्या मधून बर्फाची उतरती घसरण, रुंदी चाळीसएक पावलं, खाली किती ते मी पाहिलं नाही. आमची वाट तिच्या आडव्या अंगाने जात होती. ग्रुबरने पिशवीतून दोर काढला. स्वतःच्या कमरेला, मग माझ्या, मग यांच्या कमरेला बांधला. पोस्टमास्तर म्हणाले आम्हाला नको, आम्ही चाळीस वर्षं इथं चालतो आहोत.

हे माझ्या मागे उभे होते. मी वळून पाहिलं तर त्यांनी डोळे घट्ट मिटलेले.

"अहो!"

"उघडे ठेवले तर डोकं फिरतं," ते दातांमधून म्हणाले. "तू सांग, मी पाय टाकतो."

जन्मभर लोकांचे डोळे उघडून देणारा माणूस डोळे मिटून बर्फावर उभा होता, आणि त्याला वाट दाखवायचं काम माझ्याकडे आलं होतं. ग्रुबर पुढे फावड्याने पायऱ्या पाडत चालला. मी त्या पायरीत उभी राहायची, काठी रोवायची, आणि मागे सांगायची, "डावा पाय. एक वीत वर. हां, ठेवा. आता उजवा. थांबा. काठी. चला." स्वतःच्या भीतीला मला फुरसतच मिळाली नाही.

मध्याच्या पुढे गेलो असू. मी "उजवा" म्हणाले आणि त्यांनी डावा उचलला. नुसता बर्फ सरकल्याचा आवाज आला. पुढच्या क्षणी कमरेला जबरदस्त हिसका बसला. मी काठी बर्फात खोल दाबली, टाचा रोवल्या, आणि गुडघ्यांत वाकून बसले. दोर माझ्या बरगड्यांत रुतला. दोन्ही पायांखालची दोरी बर्फात घट्ट चावून बसली होती. मी तसूभरही हलले नाही. पुढून ग्रुबरनेही दोर ताणून धरला होता. हे चार हात खाली पोटावर पडले होते, दोन्ही मुठी बर्फात.

"लागलं का?"

"नाही," खालून आवाज आला. "डोळे अजून मिटलेलेच आहेत."

मला हसू आलं. त्या जागी, त्या क्षणी, मला खरोखर मोठ्याने हसू आलं, आणि मागून पोस्टमास्तरीणबाईही हसू लागल्या, काही न कळता. "गुडघा टेका," मी म्हणाले. "आता हात वर. दोर धरा. या." ते एकेक हात वर आले. माझ्या पायाशी आले तेव्हा त्यांनी माझा घोटा धरला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

पलीकडे पक्क्या दगडावर पोचल्यावर ग्रुबरने दोर सोडला. माझ्या हातातली साधी काठी घेऊन त्याने बाजूला टेकवली आणि आपली, लोखंडी टोकाची, माझ्या हातात दिली. तिथून माथ्यापर्यंत तो हात हलवत चालला.

माथ्यावर

माथा आला तेव्हा तिथं काहीच नव्हतं. पांढरा ढग, वारा, एक लाकडी क्रूस, आणि एका बंद घराची दगडी भिंत. पलीकडची बाजू सरळ तुटलेली आहे, असं ग्रुबरने सांगितल्यामुळे हे त्या भिंतीला पाठ लावून बसले, डोळे मिटूनच.

ग्रुबरने टोपी काढली. प्रत्येकाचा हात हातात घेऊन "बेर्ग हाइल" म्हणाला. डोंगर सर केल्यावर एकमेकांना असं म्हणायची रीत आहे. मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या भाषेतही आपल्यासारखे तू आणि तुम्ही आहेत, आणि तुम्हीचा तोरा तर आपल्याहून मोठा. शेजारी वीस वर्षं राहून एकमेकांना तुम्ही म्हणतात. पण डोंगर पायी चढून हजार मीटरच्या वर गेलं, की तुम्ही बंद. सगळे तू. गव्हर्नर असो की गुराखी.

"इतक्या उंचीवर मानापानाला श्वास पुरत नाही," तो म्हणाला. "मी आलोइस. तुझं नाव?"

परक्या पुरुषाने मला नावाने हाक मारायची म्हणून नाव विचारण्याची ही पहिलीच वेळ. शाळेत मी बाई, घरी वहिनी, दवाखान्यात डॉक्टरीणबाई. "सुमती," मी म्हणाले.

"सुमती. आणि हा?" त्याने भिंतीकडे बोट केलं.

लग्नाला सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत मी यांचं नाव घेतलं ते उखाण्यातच, तेही बायकांनी दार अडवलं तेव्हा. मी पोस्टमास्तरीणबाईंना विचारलं, "तुम्ही तुमच्या यांना काय म्हणता?"

"तू," त्या म्हणाल्या. "साखरपुड्यापासून. कधीकधी गाढवा पण म्हणते."

पोस्टमास्तरांनी मान डोलावली. ग्रुबर अजून माझ्याकडे पाहत होता. वाऱ्याने पदर सुटून फडफडू लागला.

"वसंत," मी म्हणाले.

नुसतं नाव. पुढे राव नाही, मागे उखाणा नाही. भिंतीपाशी बसलेल्या माणसाची मान झटकन वर आली. डोळे मिटलेलेच होते, पण ओठ हलले.

आणि तेवढ्यात ढग फाटला. हळूहळू विरला वगैरे नाही. वारा आला आणि एखाद्याने चादर ओढावी तसा तो कड्यावरून खाली गेला. उजवीकडे एक सरोवर, लांब आणि निळं. त्याच्या पलीकडे दुसरं, चंद्रकोरीच्या आकाराचं. पायाखाली आम्ही सकाळी ओलांडलेलं हिरवं. मग चौथं, पाचवं, आणखी दूर आरशाच्या तुकड्यांसारखी दोन. दक्षिणेला बर्फाच्या रांगामागे रांगा, आणि त्यांत एक खरी हिमनदी, करडी-पांढरी, दोन शिखरांच्या मधून खाली लोंबणारी. मी फळ्यावर काढत असे तशी मुळीच नव्हती. फार मोठी होती, आणि फार शांत.

मी भिंतीशी गेले. बसले. त्यांचा हात धरला.

"वसंत," मी म्हणाले, "डोळे उघड. बघ तरी."

त्यांनी आधी एक उघडला. मग दुसरा. सरोवरांकडे पाहायच्या आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, असं, की जणू पट्टी सोडल्यावर रोग्याने पाहावं. मग समोर पाहिलं. माझा हात चुरगळून निघाला, पण डोळे मिटले नाहीत.

"सात," ते थोड्या वेळाने म्हणाले.

"मीही सातच मोजली."

क्रूसाखाली पत्र्याच्या डब्यात एक वही होती. माथ्यावर आलेल्याने तिच्यात नाव लिहायचं. ग्रुबर म्हणाला, आमच्याकडे डॉक्टरच्या बायकोलाही डॉक्टरीणबाईच लिहितात, तसं लिही. मी पेन्सिल घेतली आणि मराठीत लिहिलं, सुमती, भूगोलाची शिक्षिका, जबलपूर, मध्यप्रांत. पोस्टमास्तरीणबाई वाकून पाहत होत्या. त्यांना ती अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसली. यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली, खाली आपलं नाव लिहिलं, आणि पुढे धंद्याच्या जागी लिहिलं, "वरील बाईंच्या सोबत." मग ग्रुबरने मला वाचून दाखवायला लावलं आणि त्या तिघांनी क्रूसापाशी उभं राहून जबलपूर हा शब्द म्हणून पाहिला. पोस्टमास्तरांनी तर तो दरीत ओरडून सांगितला. दरीने तो नीट परत केला.

उतरताना घळीपाशी न जाता ग्रुबरने आम्हाला दुसऱ्या बाजूच्या मऊ उतारावर नेलं आणि बसून घसरायला सांगितलं. मी कासोटा आवळला आणि बसले. लहानपणानंतर इतक्या वेगाने मी कधी खाली आले नव्हते. माझ्या मागून हे आले, उताणे, दोन्ही पाय वर, ओरडत. भीतीने की आनंदाने ते त्यांनाही सांगता आलं नाही.

गाडी थांबली होती त्या लाकडी घरापाशी आलो तेव्हा दुपार कलली होती. टोळीतले बाकीचे बाकांवर पेंगत होते. मी बुटांवरच्या दोऱ्या सोडून गोठ्यातल्या बाईला परत दिल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं झालं होतं आणि नाक उन्हाने लाल. हे माझ्या शेजारी बसले. मग खाली दिसणाऱ्या सरोवराकडे, आगबोटीच्या धुराच्या रेघेकडे पाहत म्हणाले, "आता खाली गेलो की पुन्हा अहो?"

मी ग्रुबरला विचारलं, ही जागा किती उंच आहे. त्याने सांगितलं, तेराशे मीटरच्या थोडी वर.

मी ते त्यांना मराठीत सांगितलं.

त्यांनी घड्याळ काढून पाहिलं. गाडी सुटायला वीस मिनिटं होती. ते उठले, दारातल्या बाईला दोन बोटं दाखवली, आणि परत येऊन माझ्या शेजारी ऐसपैस बसले.

"चल," ते म्हणाले, "एकेक कॉफी घेऊ."

"घे," मी म्हणाले.